बाख, बँड आणि बडनेरा

आमचं बडनेरा पुष्कळ लोकांना एका वाक्यापुरतंच ठाऊक असतं : "अमरावतीला जायचं ना? मग बडनेऱ्याला उतरा." म्हणजे आमच्या गावी येणारा माणूस मुळात दुसऱ्या गावी निघालेला असतो. गाडीतून उतरायचं, पुलावरून बाहेर यायचं आणि ऑटोत बसून अमरावतीकडे तोंड करायचं. रुळांच्या एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला नवी वस्ती, आणि मधून गाड्या. अशा गावात जन्मलेल्या माणसाचा कान तयार झालाच, तर तो इंजिनाच्या शिटीवर.

म्हणून आमच्या वाचनालयाचे तरुण चिटणीस एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "काकाजी, व्याख्यानमालेत एक दिवस खाली राहून गेला. तुम्ही बोला," तेव्हा मला वाटलं, विषय पेन्शनीचा असेल किंवा फार तर मधुमेहाचा. या दोन्ही विषयांत माझा अभ्यास आहे. चिटणीस म्हणाले, "पाश्चात्त्य अभिजात संगीताचा इतिहास."

"अहो, पण मला त्यातलं काय कळतं?"

"आमाले तरी कुठं कळते, काकाजी? म्हणून तं तुम्ही सांगा."

या युक्तिवादाला उत्तर नाही. शिवाय माझ्या नावावर एक जुना गुन्हा होता. १९७४ साली एका लग्नासाठी मुंबईला गेलो असताना मी फोर्टातल्या फुटपाथवरून नाट्यगीतांची एक तबकडी घासाघीस करून घेतली. घरी आणून सुई टेकवली, तर नांदी नाही, ऑर्गन नाही, एकदम कुणीतरी दारावर चार दणके घातल्यासारखा आवाज. तीन आखूड, एक लांब. पाकीट नाट्यगीतांचं, आत बीथोव्हेनची पाचवी सिंफनी. आमची सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी ते मशीन बंद करा, बिघडलंय वाटतं." वडील मात्र रेल्वेतले, गार्ड. आयुष्यभर आवाजावरून गाडी ओळखत आलेले. ते आरामखुर्चीत डोळे मिटून म्हणाले, "राहू दे. काहीतरी सांगून राहिला तो."

ती तबकडी पुढे ट्रंकेत गेली आणि वडीलही १९८३ साली गेले. पण 'यांच्याकडे इंग्रजी गाण्याची रेकॉर्ड आहे' ही कीर्ती गावात मागे राहिली. बीथोव्हेन जर्मन होता हे मी पन्नास वर्षं सांगतो आहे. अजून कुणाला पटलेलं नाही.

तेव्हा पंधरा दिवसांत एक हजार वर्षांचा इतिहास वाचायचा होता. मी वाचायला बसलो, आणि पहिल्याच दिवशी एक मास्तर भेटला. इटलीतल्या अरेझ्झो गावचा ग्वीदो, साधू माणूस, काळ सुमारे १०३०. चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांना शेकडो चाली तोंडपाठ करायला लागायच्या आणि त्यात निम्मं आयुष्य जायचं. ग्वीदोने रेघा आखल्या आणि सूर त्यांच्यावर टिपक्यांसारखे मांडले. वरची रेघ वरचा सूर, खालची रेघ खालचा. त्याच्या वेळी रेघा चार होत्या, पाचवी मागाहून आली. एका जुन्या स्तोत्राच्या ओळी चढत्या सुरांवर सुरू होत. त्या ओळींची आद्याक्षरं घेऊन त्याने सुरांना नावं दिली : उत, रे, मी, फा, सोल, ला. आपल्या सा रे ग म सारखीच ही सोय. दहा वर्षांचा अभ्यास एका वर्षात, फार तर दोन वर्षांत करून देतो, असा त्याचा दावा होता. 'हमखास यश' या पाटीचा मूळपुरुष कोण, हा प्रश्न माझ्यापुरता तिथे सुटला.

पण हा टिपका मोठा कामाचा निघाला. आपल्याकडे विद्या गळ्यातून गळ्यात गेली. गुरूच्या गळ्यात होतं ते शिष्याच्या गळ्यात उतरलं, आणि वाटेत प्रत्येकाने त्यात आपलं काही घातलं. त्यांच्याकडे ती कागदावर उतरली. कागदावर उतरल्याचा फायदा असा की चार माणसांना चार वेगळ्या गोष्टी एकाच वेळी गायला सांगता येतात आणि कोण कुठे आहे हे कळत राहतं. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमध्ये १२०० च्या सुमाराला पेरोतँ नावाच्या रचनाकाराने चार आवाज एकावर एक रचून दाखवले. आपली ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्ञानोबा जन्मण्याआधीच तिकडे चार माणसं एकाच वेळी वेगवेगळं बोलत होती आणि कुणी कुणाच्या बोलण्यात अडथळा आणत नव्हतं. आमच्या घरी चार माणसं एकाच वेळी बोलतात तेव्हा काय होतं, ते मी लिहीत नाही.

हे 'एकाच वेळी' प्रकरण समजणं हीच या संगीताची खरी अडचण. आपला कान एका सुराच्या मागे चालणारा. मागे तंबोरा, पुढे गवय्या, आणि मग तो नेईल तिकडे. तिकडच्या संगीतात चार वाटा एकदम चालू. मला हे कळलं ते आमच्या स्टेशनावर. पुलावर उभा होतो. खालून एक मालगाडी सावकाश निघालेली, दुसऱ्या रुळावरून मुंबईकडची एक्स्प्रेस येत होती, तिसऱ्यावर अमरावतीची गाडी उभी, आणि कडेला एक सुटं इंजिन डबे जोडत होतं. प्रत्येकाचा वेग निराळा, जायचं ठिकाण निराळं, पण कुठेतरी बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात या चारही गाड्यांचं एकच वेळापत्रक होतं. मी मनात म्हटलं, हाच तो बाख!

योहान सेबास्टियन बाख जन्मला १६८५ साली. रायगडावर तेव्हा संभाजी महाराजांचं राज्य होतं. वारला १७५० साली, शाहू महाराज गेले त्याच्या पुढच्या वर्षी. दोन बायका मिळून वीस मुलं. त्यातली निम्मी लहानपणीच गेली, हे वाचल्यावर त्या आकड्यावरचा विनोद घशात अडकतो. माझ्यासारख्या जन्मभर कचेरी केलेल्या माणसाला बाख आवडला तो मात्र त्याच्या रजेमुळे. १७०५ साली, वय वीस, आर्नश्टाट गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी. त्याला ल्यूबेकच्या बुक्स्टेहूडे या बुजुर्ग वादकाला ऐकायचं होतं. त्याने चार आठवड्यांची रजा काढली आणि निघाला. पायी, असं त्याचं चरित्र सांगतं. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. म्हणजे बडनेऱ्याहून थेट मनमाड, तेही युरोपातल्या हिवाळ्याच्या तोंडाशी. तिथे तो असा रमला की चार आठवड्यांऐवजी सुमारे चार महिन्यांनी परतला. वरिष्ठांनी खुलासा मागितला. बाख म्हणाला, मी बदली माणूस देऊन गेलो होतो. वरिष्ठांनी लगे हात दुसरीही तक्रार काढली : तुम्ही भजनाच्या साथीत नाही नाही ते सूर मिसळता, गाणारे गोंधळतात. फाईल कशी असते पाहा! एका गुन्ह्याची चौकशी सुरू झाली की दुसरा आपोआप पानाला चिकटतो.

पुढच्या लोकांच्या कथाही मला रजेच्या आणि साहेबांच्याच वाटल्या. हायडन हा हंगेरीतल्या एका सरदाराच्या पदरी. १७७२ साली सरदारांचा मुक्काम उन्हाळी महालात लांबतच गेला आणि वादकांची बायकामुलं दूर गावी. रजा मागायची कुणाची छाती? हायडनने एक सिंफनी रचली. तिच्या शेवटी एकेक वादक आपलं वाजवणं संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. अखेर दोन व्हायोलिनं उरतात. सरदाराला अर्थ कळला आणि मुक्काम हलला. रजेचा इतका सुंदर अर्ज मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. त्याच वर्षी इकडे थेऊरला थोरले माधवराव गेले.

मोझार्टला ते जमलं नाही. पानिपत झालं त्या वर्षी, म्हणजे १७६१ साली, पाच वर्षांचा मोझार्ट आपल्या पहिल्या चिमुकल्या रचना करत होता. वीस वर्षांनी त्याने साल्झबुर्गच्या धर्माधिकाऱ्याची नोकरी सोडायची ठरवली, तेव्हा त्यांच्या कारभाऱ्याने राजीनामा घेतला नाही, दिली ती लाथ. अक्षरशः. ती कुठे बसली हे मोझार्टने घरी पत्रात लिहून कळवलं आहे. लाथ देणाऱ्याचं नाव आर्को. आज त्याला जग ओळखतं ते त्या एका लाथेमुळे. तमाम हेडक्लार्कांनी यापासून बोध घ्यावा.

आणि बीथोव्हेन, माझ्या ट्रंकेतला. व्हिएन्नात त्याने कुणाची नोकरीच धरली नाही. पण नशिबाने त्याचे कान काढून घेतले. पेशवाई १८१८ साली बुडाली, त्यानंतर सहा वर्षांनी, ७ मे १८२४ ला, व्हिएन्नात त्याची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली. तो मंचावरच होता, वादकांकडे तोंड करून. टाळ्या पडत होत्या आणि त्याला ऐकू येत नव्हत्या. गाणाऱ्यांपैकी कारोलीना उंगर हिने त्याला धरून लोकांकडे वळवलं, तेव्हा त्याने टाळ्या पाहिल्या. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. याचा वऱ्हाडाशी काय संबंध? मलाही हाच प्रश्न पडला होता. पण शोधायला लागलो तर हा पाहुणा आपल्या घरात कधीचा येऊन बसलेला दिसला. गोवा पोर्तुगीजांनी १५१० साली घेतला. त्यानंतर पस्तीस-एक वर्षांतच तिथे चर्चच्या शाळा निघू लागल्या आणि त्यांत लिहिण्यावाचण्याबरोबर पोरांना ग्वीदोचे टिपके आणि व्हायोलिन शिकवू लागले. तंजावरला आपले सरफोजीराजे १७९८ ते १८३२ राज्यावर होते. मराठी बोलणारा हा भोसला युरोपीय वाद्यांचा बँड पदरी ठेवून होता. बीथोव्हेन आपल्या सिंफन्या लिहीत होता तेच हे दिवस.

मुंबईत मेहली मेहता या पारशी गृहस्थाने १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो झुबीन मेहता. सिनेमातली हजारो गाणी गोव्याच्या वादकांनी टिपक्यांत लिहून घेतली आणि वाजवली. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. त्यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे एक शिष्य प्यारेलाल. 'अमर अकबर अँथनी' आला १९७७ साली, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्यात अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते प्यारेलालनी आपल्या गुरूचं घातलं. आपण सगळ्यांनी ते गाणं म्हटलं आणि गुरुदक्षिणेचं आपल्याला कळलं नाही.

बरं, गोवा, तंजावर, मुंबई सोडा. आमच्या भजनी मंडळाचे बुवा हार्मोनियम वाजवतात. ती पेटी मूळची पॅरिसची. देबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास काढलेली, पायाने हवा भरायची. ती हाताने चालवून मांडी घालून वाजवावी ही सोय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांची. या पेटीत सप्तकाचे बारा भाग सारखे केलेले असतात. कोणत्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून युरोपने ही तडजोड केली. बाखने १७२२ साली चोवीसच्या चोवीस पट्ट्यांत रचना लिहून एकाच वाद्यावर सगळं वाजवता येतं हे दाखवलं होतं, त्याच वाटेवर पुढे हे समान बारा सूर आले. मात्र तडजोडीत प्रत्येक सूर किंचित सरकवावा लागतो. शुद्ध गंधार पेटीवर थोडा चढाच. शिवाय मींड निघत नाही. म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती थेट १९७१ पर्यंत टिकली. मी हे बुवांना आधीच जाऊन सांगितलं. ते बराच वेळ पेटीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मंजे चाळीस वर्ष मी लोकाइले खोटा गंधार देऊन राह्यलो? आन् पांडुरंग काई बोल्ला नाही?"

अशा तयारीने मी व्याख्यानाला उभा राहिलो. श्रोते तेवीस. त्यांत चौघं पुढच्या महिन्याच्या कीर्तनाची चौकशी करायला आलेले आणि एक जण पंख्याखाली बसायला. बुवा पेटी घेऊन आले होते, आरोपीला कोर्टात हजर करावं तशी. आणि शेवटच्या रांगेत, दाराशी, आमच्या गावचे बँडमास्तर. त्यांची खोली वाचनालयाच्या भिंतीला लागून आहे. व्याख्यानासाठी तालीम बंद ठेवा असं चिटणीसांनी त्यांना सांगितलं होतं. तालीम बंद म्हणून ते इकडे आले होते.

मी फळ्यावर पाच रेघा काढल्या, ग्वीदो सांगितला, बाखची रजा सांगितली. रजेवर हशा पडला. मग म्हटलं, आता एकाच वेळी अनेक सूर म्हणजे काय ते प्रत्यक्ष ऐकवतो. भाच्याने लॅपटॉप आणि मोठा स्पीकर आणला होता. त्याने बटण दाबलं आणि गावची वीज गेली.

अंधारात मी ती गोष्ट शब्दांनी समजावू लागलो. स्टेशन सांगितलं, चार गाड्या सांगितल्या. पंख्याखालचे गृहस्थ, पंखा थांबल्यामुळे आता रिकामेच होते, म्हणाले, "मंजे अपघातच की, बाप्पा!" मी आणखी समजावलं. लोक आणखी गप्प झाले. तेव्हा मागून आवाज आला, "साहेब, तीन सूर संगमंग लावाचे म्हन्ता ना? थांबा जी जरासे."

बँडमास्तर बाहेर गेले आणि दोन पोरांना घेऊन आले. एकाच्या हातात ट्रंपेट, दुसऱ्याच्या कवेत ते मोठं युफोनियम. स्वतः मास्तरांकडे क्लॅरिनेट. कुणीतरी मेणबत्त्या लावल्या. मला हायडन आठवला. तिथे मेणबत्त्या विझवून वादक गेले होते, इथे त्या लावून येत होते.

"हा सा," मास्तर म्हणाले. युफोनियमने खालचा षड्ज धरला. "हा प." ट्रंपेट, अगदी हळू. "आन् हा ग." आणि क्लॅरिनेटने गंधार लावला.

तीन सूर. वेगवेगळे आम्ही जन्मभर ऐकलेले. एकत्र आले आणि त्यांचं चौथंच काही झालं. त्या लहानशा खोलीत कुणी हललं नाही. मग मास्तरांनी पोराला खूण केली, त्याने आपला सूर थोडा खाली घेतला, आणि सगळ्या खोलीचा चेहरा उतरला. पुन्हा वर घेतला, आणि उजाडलं. मी पंधरा दिवस वाचलं होतं ते त्या माणसाने दोन मिनिटांत, एक शब्द न बोलता सांगितलं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"आमचा आजा कामठीले पलटनीच्या बँडात होता जी. त्याच्यापासून आलं." मग ते फळ्याकडे पाहून थोडे घुटमळले. "तुम्ही ह्या पाच रेघा काढल्या नं, अशीच वही हाये आज्याची माझ्यापाशी. सारे टिपकेच टिपके."

"वाचता येते?"

"आज्याले ये. बापाले थोडी थोडी ये. मले नाही येत." क्लॅरिनेट रुमालाने पुसत ते म्हणाले, "लग्नात कोन कागद पाह्यते, साहेब? आन् आता तं लग्नात आमालेच कोन पाह्यते. डीजे आला."

मी काही बोललो नाही. या माणसाच्या बँडपुढे मी कितीतरी वरातींत चाललो होतो. माझ्या स्वतःच्या लग्नात यांचे वडीलच वाजवत होते. आणि प्रत्येक वेळी मी काय केलं? कानावर हात ठेवला आणि शेजारच्याला म्हटलं, जरा लांबून चालू या. ग्वीदोचा टिपका इटलीहून निघून, हजार वर्षं चालत, कामठीच्या छावणीतून आमच्या वाचनालयाच्या भिंतीपर्यंत येऊन थांबला होता, आणि मी त्याला शोधायला अमरावतीच्या ग्रंथालयात जात होतो.

बोलायचं एकच उरलं होतं, ते मी अंधारातच सांगितलं. वॉल्टर कॉफमन नावाचा एक ज्यू संगीतकार, जन्म १९०७, गाव कार्ल्सबाड. जर्मनीत हिटलर आल्यावर, १९३४ साली, तो मुंबईला आला आणि बारा वर्षं राहिला. यायच्या आधी त्याने हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या ऐकल्या होत्या. त्याला त्यातलं काही कळलं नाही. पण त्याने 'मशीन बिघडलंय' म्हटलं नाही. त्याने विचार केला तो असा, की हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी केलंय, लाखो लोकांना ते आवडतं, त्या अर्थी उणीव माझ्यातच असली पाहिजे. तेव्हा जिथलं आहे तिथे जाऊन शिकावं. तो आला, शिकला, मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचा प्रमुख झाला. आणि आपण सकाळी रेडिओ लावल्यावर खरखरीतून पहिल्यांदा जी ऐकायचो, तंबोऱ्यावर उमटणारी ती व्हायोलिनची धून, ती १९३६ च्या सुमाराला त्यानेच रचली असं मानतात.

"कोनती?" पंख्याखालच्या गृहस्थांनी विचारलं.

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं. बुवांनी आरोपी पेटी पुढे ओढली आणि षड्ज-पंचम धरून ठेवला. आणि ती धून निघाली.

तेवीस माणसं एकदम लहान झाली. कुणाला चुलीवरचं आंघोळीचं पाणी आठवलं असेल, कुणाला दप्तर. मला वडील दिसले. ही धून वाजली की घड्याळ कानाशी धरून किल्ली देणारे, कंदिलाची काच पुसून ठेवणारे आणि मग मला हाक मारणारे. घर सोडून, देश सोडून आलेल्या एका माणसाचा सूर रोज सकाळी आमच्या बडनेऱ्याच्या दोन खोल्यांत येत होता. वडिलांना त्याचं नाव कधी कळलं नाही. पण ऐकायचं कसं, हे त्यांना कॉफमनसारखंच ठाऊक होतं. राहू दे, काहीतरी सांगतोय तो.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेलो आणि आज्याची वही मागून आणली. पानं पिवळी, शाई तांबूस. नात अमरावतीला गिटारच्या क्लासला जाते, तिला टिपके वाचता येतात. रविवारी ती मास्तरांच्या खोलीत बसून एकेक सूर वाचते आणि मास्तर तो क्लॅरिनेटवर घेतात. पहिलं पान पुरं व्हायला तीन रविवार लागले. कुठल्या तरी पलटणीचं कूच निघालं. मास्तर म्हणाले, "आजा हे वाजवे. म्या लहानपनी आयकलं होतं." आणि दुसरं पान उलटायच्या आधी क्लॅरिनेट बराच वेळ पुसत बसले.

बुवांनी पेटीला निर्दोष सोडलं आहे. पांडुरंगाला चालतं तर आकाशवाणीचं काय, असा त्यांचा निकाल.

वाचनालयाने आभाराचं पत्र पाठवलं. व्याख्यान कसं झालं हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. फक्त पंख्याखालचे ते गृहस्थ, निवृत्त हेडक्लार्क निघाले, परवा बाजारात भेटले. संत्र्यांचा भाव करता करता थांबले आणि फार काळजीने म्हणाले, "काहो, त्या बाखची ते तीन महिन्याची जास्तीची रजा शेवटी कशात धरली? बिनपगारी नाही नं केली?"